शिंगवाल्या भुताला हळदकुंकू

प्रिय विश्वजित,

'प्रिय' लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. तुझ्या बहिणीला, अपेक्षाला, लिहायला सांगितलं असतं तर तिनं माझ्या शिव्या गाळल्या असत्या, म्हणून दुसरी पास हातानं मीच लिहिते. चुका काढत बसू नकोस.

वस्तीच्या टँकरची पाळी ज्याच्यावर चालते, तो तुझा सर्व्हर नऊ दिवस मरून पडला होता. अपेक्षानं फोन केला तर म्हणालास, हात लावू नको, रविवारी शिरवळहून येतो. कुठला रविवार, ते न्हाई सांगितलंस! इकडं पाळीचा घोळ झाला. टँकर खालच्या वस्तीला दोनदा गेला आणि आपली मेंढरं पाण्याच्या कोरड्या दोणीला जिभा लावून उभी. शेजारचा बिराप्पा तोंडावर म्हणाला, आज्जी, नातवाच्या कंप्युटरनं उपास धरलाय व्हय?

ते मशीन बसवताना तुझं नि अपेक्षाचं भांडण मी ऐकलंय. ती म्हणत होती, मशीन चालवायला त्यात डेबियन लिनक्स घालू. तू म्हणालास, फ्रीबीएसडीच, असल युनिक्सच्या रक्ताचं, एकदा बसलं की वर्षानुवर्षं हलत न्हाई. दोन्ही फुकट, दोन्ही चांगली, हे तूच कबूल केलंस. तरी आपलंच खरं करून डब्यावर त्या फ्रीबीएसडीची खूण, शिंगवाल्या लाल भुताचं चित्र, चिकटवलंस. बिरोबाचा कोण गण असंल म्हणून मी त्याला हळदकुंकू वाहिलं, तर लय हसलास.

अरं, मेंढा घेताना आपण नुसतं रक्त बघतो? दुखण्याला पडला तर वस्तीत इलाज कुणाला येतो, ते आधी बघतो. लिनक्स अपेक्षाला येतं, जतच्या कंप्युटरच्या दुकानातल्या लालासाहेबाला येतं. तुझं भूत फक्त तुलाच येतं. म्हणूनच तू ते निवडलंस. तुझ्यावाचून इथलं पान हलू नये, एवढ्यासाठी. मला अक्कल न्हाई असं समजू नकोस.

काल माझ्या हुकमानं अपेक्षानं तुझं सगळं पुसून लिनक्स घातलं. पाळीच्या याद्या तिनं आधीच उतरवून ठेवल्या होत्या. आज टँकर वेळेवर आला, मेंढरं पोटभर प्याली.

आता एक ऐक. दिवाळीनंतर ते मशीन दोनदा बंद पडलं, तवा वायर मीच उपटली होती. ते अडल्याशिवाय तुझा फोन येत न्हाई, म्हणून. या बारीला मात्र हात लावला न्हाई, ते आपसूक मेलं, आणि तरी तू आला न्हाईस. आता वायर उपटूनबी उपेग न्हाई, अपेक्षाच नीट करंल, म्हणून हे पत्र. तुझं भूत खरवडून माझ्या पेटीत ठेवलंय. न्यायला ये.

तुझीच, नाइलाजानं,
धोंडुबाई आज्जी