छोट्या पेटीची पाचवी पिढी

३ मार्च, सकाळी
कंपनीने छोट्या पेटीचे नवे मॉडेल काढले. सूनबाईने दुकानाच्या काउंटरवर खोके उघडले. आत दुसरे खोके, त्यात कागद, कागदात एक पांढरट वडी. मला वाटले चार्जर आहे. हातात घेऊन विचारले, कॉम्प्युटर कुठाय? सूनबाई म्हणाली, बाबा, तुमच्या हातात आहे तोच.
मी ओळखले होते. गंमत म्हणून विचारले.

३ मार्च, संध्याकाळी
वाईट बातमी. दुकानातले माझे रिपेरिंगचे टेबल महिनाअखेर काढणार. तिथे हेडफोन टांगायचा स्टँड येणार. कारण काय, तर म्हणे कित्येक महिन्यांत टेबलावर एकही पेटी उघडलेली नाही. मी म्हटले, मी एवढी पक्की दुरुस्ती करून ठेवली की मशीन परत येत नाही, हा माझा गुन्हा का? चिरंजीव फोनवर होते. त्यांनी मान हलवली. कुणाच्या बाजूने ते कळले नाही.
शेवटी तडजोड झाली. या महिन्यात नवी पेटी माझ्या टेबलावर आली आणि माझ्या हातून दुरुस्त होऊन गेली, तर टेबल राहील. सूनबाई बरं बाबा म्हणाली. तिच्या बरं बाबात मला नेहमी आदर जाणवतो.
पाणी प्यायलो. संकल्प: नव्या पेटीचा संपूर्ण अभ्यास. आणि घाबरायचे नाही.

५ मार्च
अभ्यासाला सुरुवात. आधी जुना इतिहास लिहून काढावा, म्हणजे डोके ताजे होईल.
पहिली पेटी: जाडजूड, चौकोनी, पुढे सीडी गिळायला फट. कुठेही स्क्रू नाही. झाकण आतल्या खाचांत अडकवलेले. भलेभले मेकॅनिक हात टेकून बसले. मी शेजारच्या रंगाऱ्याकडून भिंतीला पुट्टी भरायची पातळ पट्टी आणली, कडेने सरकवली, कट् आवाज झाला आणि झाकण वर. त्या दिवसापासून बाजारात मला पेटीमास्तर म्हणतात. निदान म्हणत असत.
दुसरी: चपटी, धातूची. खाली गोल झाकण, बरणीसारखे फिरवून उघडायचे. वाटले, कंपनीने माझी सोय केली. पण मग लोक घरीच उघडू लागले. एका शिक्षिकेने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने मेमरी बसवली आणि मलाच विचारले, काका, हा जुना तुकडा हवाय का तुम्हाला? घेतला. नाही कशाला म्हणायचे?
तिसरी: सीडीची फट गायब. मी तेव्हाच सांगितले होते की हे चालणार नाही, माणूस सीडीशिवाय राहू शकत नाही. कपाटात कोऱ्या सीड्यांची चळत भरून ठेवली. अजून कुणी मागितली नाही. मागतील.
चौथी: मेमरी थेट बोर्डावर सोल्डर केलेली. काढता येत नाही, घालता येत नाही. उघडायचे, फुंकर मारायची, बंद करायचे. याला सर्व्हिसिंग म्हणतात.
पाचवी: ही. तळहाताएवढी. फुंकर मारायलाही जागा नाही. चालू-बंद करायचे बटण चक्क खाली, मागच्या कोपऱ्यात. बटण पोटाखाली! हा कॉम्प्युटर आहे की कासव?
पेटी दर पिढीला लहान होते आणि माझा चष्मा दर पिढीला जाड होतो. कंपनीने याचा विचार करायला हवा होता.

८ मार्च
पेटीबरोबर आलेले पुस्तक वाचले. सगळे इंग्रजी. इंग्रजी मला येते, आठवीपर्यंत होते. फक्त हे लोक फार दाटीने लिहितात. म्हणून चित्रांवरून वाचले. एका चित्रात कुणाचा तरी हात पेटीचा कोपरा उचलून बोट खाली घालतो आहे. बहुधा खालून पुसून घ्या असे सांगायचे आहे.
अभ्यास पूर्ण झाला असे मानायला हरकत नाही.

११ मार्च
देव पावला! दातवाल्या डॉक्टरांचा फोन. या डॉक्टरांकडे पहिल्या पिढीपासून प्रत्येक पेटी मीच बसवली. पाचवी तेवढी सूनबाईने बसवली, कारण ९ तारखेला मला ताप होता. (तापातही मी हात लावला असता तर आज ही वेळ आली नसती.) तक्रार अशी की दातांचे एक्स-रे पडद्यावर उघडायला वेळ लागतो.
सूनबाई फोनवर सांगत होती, डॉक्टर, मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही एकदा उघडलेल्या खिडक्या बंदच करत नाही. मी तिच्या हातून फोन घेतला आणि म्हटले, पेटी टेबलावर घ्यावी लागेल, मी स्वतः येतो. डॉक्टर म्हणाले, मास्तर, तुम्ही आहात अजून? मी हो म्हटले. प्रेमाने विचारले त्यांनी.

१२ मार्च
पेटी टेबलावर. सकाळी उघडण्याचा प्रयत्न. पट्टी सरकवायला कडाच नाही. सगळीकडून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. कुठेतरी डिंक असेल म्हणून हिचा केस वाळवायचा ड्रायर आणला. पेटी गरम झाली, उघडली नाही. ही म्हणाली, अहो, ती केस धुऊन बसलीय का? कामाच्या वेळी मी बायकोशी बोलत नाही.
दुपारी विचार केला. पेटी उघडली, म्हणजे दुरुस्ती झाली, हा जुना समज आहे. न उघडता केलेली दुरुस्ती हीच खरी. पडदा जोडून पेटी चालू केली, उघड्या राहिलेल्या सगळ्या खिडक्या बंद केल्या. (सूनबाईने सुचवले म्हणून नव्हे. मी तसेही केले असते.) एक्स-रे फटाफट उघडू लागले! सूनबाईला बोलावून दाखवले. ती म्हणाली, छान झालं बाबा, आता डॉक्टरांना देऊन या.
टेबल वाचले!
निघण्याआधी माझी खास गोष्ट केली. पहिल्या पिढीपासून माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक पेटीच्या खाली मी काळ्या रबराचा जाड तुकडा चिकटवतो. स्वतः कापून. त्याने पेटी घसरत नाही, आणि उलटी केली की काम कुणाचे ते कळते. बाकी दुकानदार असे काही करत नाहीत. या वेळचा तुकडा थोडा मोठा कापला गेला आणि बटणावरही आला. मग वाटले, बरेच झाले. कुणाचा चुकून हात लागायला नको. बटणाच्या जागी रबर दुहेरी केले. सुरक्षा!

१३ मार्च
डॉक्टरांकडे पेटी पोचवली. हातात धरून वायर जोडली, खालून बोटांनी जरा आधार दिला, तर लगेच चालू झाली. डॉक्टर खूश. पेटी काउंटरवर ठेवली, नमस्कार केला, निघालो.
कोपऱ्यावर पोचतो तोच फोन. बंद पडली.

१३ मार्च, दुपारी
परत गेलो. पेटी हातात घेतली, चालू. काउंटरवर ठेवली, थोड्या वेळात बंद. उचलली, चालू. ठेवली, बंद. काउंटरवरच्या बाईंनी डोळे विस्फारले. मी म्हटले, तुमचे टेबल तिरके आहे. टेबलाखाली पुठ्ठा घातला. बंद. मग म्हटले, डॉक्टरांच्या दात कोरायच्या मशीनमुळे वीज हलते. डॉक्टरांनी दात कोरणे थांबवले. पेशंट तोंड उघडे ठेवून बघत होता. बंद.
मग उलगडा झाला. इतक्या पिढ्या हाताळल्या मी. मशीन माझा हात ओळखते. आजकाल बोटाने उघडणारे फोन असतातच, तसेच काही असणार.
डॉक्टरांना हे समजावून सांगितले. ते म्हणाले, मास्तर, मला आता एक्स-रे बघायचाय, पेशंट खुर्चीत आहे, तुम्ही पेटी धरून बसा.
बसलो. बाकावर, पेटी मांडीवर, दोन्ही हातांनी बाजूने जरा उचलून धरून. एकदाही बंद पडली नाही. या वयात एवढी जबाबदारी कोण देतो?

१४ मार्च
डॉक्टरांनी सूनबाईला फोन करायचे ठरवले होते. मी म्हटले, कशाला त्रास, मी येतो ना. सकाळपासून मांडीवर पेटी. सूनबाईला कळले तर टेबल जाईल, ही एकच काळजी.
पेशंट लोक चौकशा करतात. एका आजींना वाटले, मी डबा घेऊन बसलोय. म्हणाल्या, खाऊन घ्या हो, आत गेल्यावर खाता येत नाही. एक गृहस्थ गालात कापूस धरून म्हणाले, तुम्ही बॅटरी का? त्यांना हसता येत नव्हते, म्हणून मी हसलो.
मध्ये मला जाणे भाग पडले. (वयामुळे. पाणी जास्त प्यायले गेले होते.) काउंटरवरच्या बाईंकडे पेटी दिली. परत आलो तर त्यांच्याही हातात चालू! सिद्धांताला थोडा धक्का. पण माझ्या हाताची ऊब पेटीत राहिली असणार. त्यांना तसे सांगितले. त्यांनी पेटी चटकन परत दिली.
घरी ही म्हणाली, पाठ धरलीय ना? धरणारच. पोटच्या पोराला कधी एवढा वेळ मांडीवर घेतलं नव्हतंत.
चिरंजीव समोरच होते. त्यांनी मान हलवली. या वेळी कुणाच्या बाजूने ते कळले.

१६ मार्च
सकाळी साडेदहा. बाकावर बसलो होतो आणि दारात सूनबाई. काउंटरवरच्या बाईंनी फोन केला होता. मी उभा राहिलो नाही, कारण पेटी होती. सूनबाईने पेटी घेतली, वायर सांभाळत उलटी केली, रबराकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. नखाने रबर सोलून काढले. पेटी काउंटरवर ठेवली.
चालू राहिली.
आम्ही सगळे पेटीकडे बघत उभे. डॉक्टर, बाई, दोन पेशंट, मी. चालूच.
डॉक्टरांनी विचारले, काय झालं होतं? सूनबाई म्हणाली, वायर जरा सैल होती, बाबांनी दोन दिवस धरून ठेवली म्हणून तुमचं काम अडलं नाही. आणि रबर मुठीत लपवले. डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला.
वायरचा संशय मला सुरुवातीपासून होताच.
परतताना कोपऱ्यावर तिने विचारले, बाबा, बटणावर रबर का लावलंत? मी म्हटले, सुरक्षेसाठी, चुकून दाबले जाऊ नये म्हणून. ती थांबली. विजेच्या खांबाला हात टेकून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, दाबलं जाऊ नये म्हणून तुम्ही ते कायमचंच दाबून ठेवलंत हो! मीही हसलो. तिचे म्हणणे मला घरी पोचल्यावर कळले.

१७ मार्च
झोप नीट नाही. रबर वाईट नव्हते. बटणाची जागा वाईट आहे. पुढच्या पिढीत कंपनी ती सुधारेल. तसे पत्र लिहावे. इंग्रजीत लिहावे लागेल. पाहू.

३१ मार्च
टेबल गेले. वाद घातला. म्हटले, तुझ्या समोर पेटी दुरुस्त झाली होती. सूनबाई म्हणाली, झाली होती बाबा, मग बिघडलीही तुमच्याच हातून. मी म्हटले, हिशेबात बरोबरी झाली मग. ती म्हणाली, बरोबरी झाली तर टेबल कशाला? या मुलीशी बोलताना शिकल्याचा उपयोग होत नाही.
चिरंजीवांनी टेबलाचे दुसरे टोक धरले. मी स्वतः एक टोक धरून मागच्या खोलीत नेले. दुसऱ्या कुणाला धरू दिले नसते.
पण! सूनबाईने मला नवे काम दिले. नवी पेटी घेणाऱ्या अर्ध्या लोकांना बटण सापडत नाही आणि पेटी बिघडलेली निघाली म्हणून ते परत येतात. मी हेडफोनच्या स्टँडखाली स्टुलावर बसायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बटण दाखवायचे. ती म्हणाली, बाबा, बटणाबद्दल तुमच्याएवढा अनुभव कुणालाच नाही.
हा तांत्रिक विभाग झाला. विभागप्रमुख मी. भाषण तयार केले आहे: पहिल्या पिढीपासून पाचव्या पिढीपर्यंत, शेवटी बटण. शर्टाला इस्त्री केली.

१ एप्रिल
पहिला दिवस. स्टूल बरे आहे, मात्र उठताना हेडफोन डोक्याला लागतात.
एक बाई आल्या, पेटी घेतली. मी घसा खाकरला आणि पहिल्या पेटीच्या झाकणापासून सुरुवात केली. रंगाऱ्याच्या पट्टीपर्यंत पोचलो तोवर बाईंनी पेटीचा कोपरा उचलला, खाली बोट घातले, बटण दाबले. चालू. मी म्हटले, तुम्हाला कसे माहीत? बाई म्हणाल्या, आमच्या दातवाल्या डॉक्टरांनी सांगितलं. ते हल्ली सगळ्या पेशंटना सांगतात. बटण खाली असतं, आणि त्यावर काही चिकटवू नका म्हणतात. कुणीतरी चिकटवलं होतं म्हणे, बिचारा!
म्हणजे डॉक्टरांना कळले आहे. आणि आमच्या भागात दात सगळ्यांचेच दुखतात.
दुपारपर्यंत आणखी गिऱ्हाइके आली. प्रत्येकाने कोपरा उचलून आपापले बटण दाबले. मी का बसलो आहे हे कुणी विचारले नाही. शेवटी एकाने विचारले. मी म्हटले, वाट बघतोय. कुणाची, असे त्याने विचारले नाही. बरे झाले.