तेलवालीची झाली डॉक्टरीणबाई

अहो, इकडून नमस्कार.

मी बरी आहे. नात काम करते त्या संग्रहालयात काल गेले होते. भोंदू वैद्यांची टिंगल करणारी दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. एकात बाई मलम चोळतेय आणि म्हातारा डोळे मिटून हसतोय. नात म्हणाली, "आजी, हे तर आपले आजोबा." मला काही हसू आलं नाही.

तुमच्या गुडघ्याला तेल लावायला येणारी ती पहिल्या पत्रात 'तेलवाली' होती, दुसऱ्यात 'बाई', आता 'डॉक्टरीणबाई' झाली. दुखत होता डावा गुडघा. मग उजवा कशाला दाखवलात?

जेवता ना वेळेवर? महिनाभर राहणार होते, पण शनिवारीच निघते. चोळायचंच असेल तर मी चोळीन. माझ्या हाताला काही काटे नाहीत.

अजून तरी तुमचीच,
मी