मोझांबिकच्या ताईंना अजून कळवलेलं नाही

आई, तू नेरळच्या बाजारात रानभाज्या विकायचीस, त्यातूनच माझा सायबर कॅफेचा तास निघायचा. तू बाहेर पायरीवर पाटी घेऊन बसायचीस आणि मी आत तुझ्याच भाज्यांवर ब्लॉग लिहायची. वेळ संपली की दुकानदार पडदा सरकवायचा, वाक्य अर्धं राहिलं तरी उठायचं. "माझी पाटी सरली, तुजं झालं का नाय गं?" तू दारातून ओरडायचीस आणि आतले सगळे माना वळवून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता त्याच हाकेसाठी जीव तुटतो.

माझा ब्लॉग वाचायला होतं तरी कोण? पण मोझांबिकमधून एक मराठी ताई लिहायच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेलेल्या. तिकडे नेट इतकं महाग, की त्या आठवड्यातून एकदाच थोडंसं विकत घ्यायच्या. फोटो टाकू नकोस, त्यातच सगळं संपतं, असं विनवायच्या. हे मी तुला वाचून दाखवलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. हात थांबवून म्हणालीस, "एवढं महागाचं घालून तिनं चार शब्द धाडलं हायत. शेजारणीचं भांडं रिकामं परत देतात का गं? काय तरी घालून दे." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक निरोपाला उत्तरात तुझी एक भाजी जायची. कुर्डूला लसूण किती, शेवळाची खाज मारायला काकडाची आंबट फळं कधी घालायची. तू सांगायचीस, मी लिहायची.

आता आपल्या पोशीर गावात नेटचं कुणाला काही वाटत नाही. गोठ्यात बसूनही लोक व्हिडिओ बघतात, माझ्या फोनवरचं तर रोज वाया जातं. ताईंना मात्र अजूनही ते जपूनच वापरावं लागतं. अजून आठवड्यातून एकदाच नेटवर येतात, अजून विचारतात, "आई कशा आहेत?" तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि दर वेळी मी लिहिते, बरी आहे. त्यांच्या मोजक्या नेटवर रडगाणं कशाला, अशी मी स्वतःची समजूत घालायची. खोटं आहे ते. एका ओळीला नेट लागतं कितीसं? तुझी चौकशी करणारं एवढं एकच माणूस उरलं होतं, ते मला गमवायचं नव्हतं.

परवा त्यांचा निरोप आला. कायमचे परत येतोय, आल्याबरोबर पोशीरला येणार, आईंना डोळे भरून बघायचंय. त्यांच्यासाठी काय आणू?

म्हणून हे पत्र मी ब्लॉगवरच लिहायला घेतलं. बटण दाबलं की त्यांना सगळं कळेल. सकाळपासून उघडून बसले आहे, बोट पुढे जात नाही. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मात्र मी कालच देऊन टाकलं, आई. लिहिलं, "आई म्हणते, काही आणू नका, तुम्ही या फक्त."