गाठीचा आवाज

रेल्वे चाळ, लोणावळा
१४ डिसेंबर १९६९

प्रिय रतन,

सप्रेम जयभीम.

अक्षर पाहून घाबरू नकोस. हात मधेच आखडतो, मग पेन खाली ठेवून बोटं मांडीवर चोळत बसावं लागतं, म्हणून ओळी अशा घाट चढल्यासारख्या गेल्या आहेत. पण हे पत्र कुणाकडून लिहून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तू चौथी शिकलीस, त्यामुळे तुलाही ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार नाही. तुझ्या दादाने मागितलंच तर वरचा मजकूर वाचून दाखव, शेवटचा भाग तुझ्यापाशी ठेव.

आई बरी आहे. थंडीने तिच्या बोटांचे सांधे धरलेत, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नाही. सकाळी घाटात धुकं इतकं असतं की सिग्नल अगदी जवळ गेल्यावर दिसतो. तिकडे तुझ्या माहेरी, नवलाख उंबऱ्यात, तुमची भातझोडणी उरकली असेल. हिराला खळ्यात लोळू देऊ नकोस, भाताची कुसळं लागून अंगभर खाज सुटते तिला. ती माझी आठवण काढते का, हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो, तरी विचारतोच.

पावसाळ्यात रुळाखालच्या स्लीपरांनी भरलेली ट्रॉली माझ्यावर आली आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा सगळे किती चांगले वागले! गँगमधल्या दत्तोबाने मला धरून धरून स्टेशनापर्यंत आणलं, वाटभर माझ्यापेक्षा तोच जास्त कण्हत होता. मुकादम धोंडिबा दवाखान्यात केळी घेऊन आला. मोडलेलं हाड सगळ्यांना कळतं. ते फोटोत दिसतं, प्लास्टर दिसतं, गळ्यात अडकवलेला हात दिसतो. घोळ झाला तो हाड जुळल्यावर. फोटो स्वच्छ आला, डॉक्टरने कामावर जा म्हटलं आणि मी गेलो. कळ मात्र गेली नव्हती. कोपरात कुणी तापलेली सळई फिरवावी तशी उठायची, बोटांपर्यंत उतरायची आणि मूठ आपोआप सुटायची.

आमचं काम कसं असतं ते तू डबा घेऊन यायचीस तेव्हा पाहिलंयस. रूळ एकट्याच्या ताकदीने उठत नाही. हाळी देणारा ओरडतो, आणि 'हेइस्सा' म्हटलं की सगळ्यांच्या कमरा एकदम वर येतात. ज्याचा हात मागे राहील त्याचं वजन शेजाऱ्याच्या अंगावर जातं. हाळी मीच द्यायचो. त्या दिवशीही दिली, रूळ उठला आणि माझी मूठ सुटली. दत्तोबाने पाय मागे ओढला म्हणून वाचला. त्याने शिवी दिली नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. धोंडिबा मात्र सगळ्यांदेखत म्हणाला, 'हाड जुळलंय, फोटू साफ हाय, मंग कशाचं दुखतंय रं तुला? बसून पगार खायचा हाय व्हय?' तेव्हापासून मला फाटकावर बसवलंय. हाळी आता दुसराच देतो, आणि वारा इकडचा असला की मला ती ऐकू येते.

तुला आठवतं का, दसऱ्याच्या सुमारास तू माझ्या पाठीला तेल लावत होतीस? खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला एका जागी तुझा अंगठा पडला आणि मी मासा उसळावा तसा उसळलो. 'अवं, हितं गाठ हाय,' तू म्हणालीस. 'तितं काय न्हाई, कोपरात हाय,' मी म्हणालो, आणि तू घाबरून हात काढून घेतलास. दुखतंय कोपरात, तर पाठीत काय बघायचं? आईचंही तेच मत. आपल्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा तिने देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने इंद्रायणीत सोडले, पण डाग द्यायचं काही सोडलं नाही. बैल लंगडू दे, पोर पोटाने कुरकुरू दे, विळा लाल करायचा आणि दुखतंय तिथे टेकवायचा. माझ्या कोपरावर दिलेले डाग तू पाहिलेस, म्हणजे पाहिले नाहीस, तोंड फिरवून उभी होतीस. फोड येऊन गेले आणि कळ होती तिथेच राहिली.

नवरा सोंग करतो म्हणून नळावर बाया तुला काय काय बोलायच्या ते मला माहीत होतं. तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. दिवाळी झाली आणि एक दिवस भाकरी थापता थापता, मान वर न करता तू विचारलंस, 'खरं सांगा, दुखतंय का न्हाई?' रतन, धोंडिबाने विचारलं तेव्हा मला राग आला होता. तू विचारलंस तेव्हा राग आला नाही, अंगातलं सगळं बळच गेलं. काय बोलणार? दुखणं काही काढून ताटात वाढता येत नाही. तू त्या गप्प राहण्यालाच कबुली समजलीस आणि दुसऱ्या सकाळी हिराला कडेवर घेऊन तळेगावची गाडी धरलीस. मी फाटक लावलं, तुझी गाडी गेली, मी फाटक उघडलं.

त्यानंतर रेल्वेच्या डॉक्टरने माझ्या कटकटीला कंटाळून मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे परदेशातून आलेलं एक मशीन आहे. समोर काच, काचेवर हिरवी रेघ आणि बाजूला रेडिओसारखा भोंगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणूस हात हलवतो तेव्हा मांसात बारीक वीज चालते, तिचा आवाज या मशीनमध्ये येतो. हात सैल सोडला की वीज थांबते आणि मशीन गप्प होतं. मला हसू आलं. आयुष्यभर विजेच्या तारेखाली रूळ उचलले आणि आपल्याच अंगातल्या विजेची खबर नाही! मग त्यांनी कोपराजवळ तार लावलेली सुई टोचली. मशीन गप्प. जरा वर टोचली, तरी गप्प. रेघ सरळ. माझं हसू पळालं. म्हटलं, झालं, परदेशी मशीनही धोंडिबाच्याच बाजूचं निघालं.

मग बाईंनी मला पालथं झोपवलं आणि पाठीवरून बोटं फिरवत आल्या. फऱ्याशी एका जागी दाबलं आणि मी टेबलावरून उडालो. कळ थेट कोपरात! तीच जागा, रतन, तुझ्या अंगठ्याची. तिथे त्यांनी सुई घातली आणि भोंग्यातून आवाज यायला लागला. आधणाचं पातेलं सूं करतं तसा, आणि त्यात मधूनमधून मोहरीसारखं तडतड. 'हात सैल सोडा,' बाई म्हणाल्या. 'सैलच हाय, बाई,' मी म्हणालो. सगळा हात मेल्यासारखा पडलेला आणि तेवढी एक गाठ जागी होती. सुई जराशी बाजूला सरकवली की गप्प, पुन्हा गाठीत आणली की तडतड. बाई सांगत होत्या की खांदा मोडून हात बरेच दिवस बांधलेला राहिला, त्यात ही गाठ पडली असावी, मूळ एकीकडे आणि दुखतं भलतीकडे असं हिचं असतं, आणि यातलं पुष्कळ अजून आम्हालाही उमगलेलं नाही. मी अर्धंमुर्धं ऐकलं. मी पालथा पडून रडत होतो. इतके महिने जे मी कुणाला पटवू शकलो नाही ते तिथे खोलीभर वाजत होतं, आणि ऐकायला तू नव्हतीस.

उपाय म्हणशील तर साधा. गरम पाण्याने शेकायचं, मग गाठीवर अंगठा ठेवून हळूहळू दाब वाढवायचा, कळ उठून विरेपर्यंत सोडायचं नाही, मग हात छातीवरून ओढून ताणायचा. रोज. असं केलं तर हात परत येऊ शकेल, म्हणाल्या. येईलच, असं म्हणाल्या नाहीत. आणि माझं नशीब बघ, माझाच हात त्या जागेला पोचत नाही. डावा हात वरून नेला, खालून नेला. रुळाखालची खडी फडक्यात गुंडाळून तिच्यावर निजून पाहिलं, ती सरकते. दत्तोबाला मशीनची हकीकत सांगितली तर त्याचे डोळे भरून आले. बिचारा दाबायलाही बसला, पण त्याचा अंगठा म्हणजे घण, दुसऱ्या दिवशी मला मान वळवता येईना. आईची बोटं वळत नाहीत, आणि तिला आता वेगळाच हुरूप आलाय. म्हणते, 'जागा घावली न्हवं? मंग आता बराबर डाग देते.' विळा मी कौलांत खुपसून ठेवलाय.

संक्रांत झाली की साहेब मला सगळ्या गँगसमोर पुन्हा रूळ उचलायला लावणार आहेत. मूठ टिकली तर मी गँगमध्ये, सुटली तर मी घरी. घरी म्हणजे कुठे, तेही ठाऊक नाही, ही खोली तर रेल्वेची. मला भीती वाटते, रतन. परवा फाटकावर उभा होतो, गाडीचा आवाज येत होता आणि मी नुसता रुळाकडे पाहत राहिलो. हातातला झेंडा खाली पडला तेव्हा भानावर आलो. हे तुला लिहू नये, पण तुला नाही तर कुणाला लिहू?

म्हणून हे पत्र. तू विचारलं होतंस, दुखतंय का नाही. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, आणि कागदावर देणारही नाही. कागदावर काय, कुणीही काहीही लिहील. मशीनचं तर तू ऐकलेलंच नाहीस, तेव्हा त्याच्यावर तरी भरवसा का ठेवावास? तू फक्त एकदा ये. मला समजून घ्यायला येऊ नकोस, संसारासाठी येऊ नकोस. पाठीमागे बस आणि तेव्हा ठेवला होतास तिथे अंगठा ठेव. तुला जागा माहीत आहे. ती गाठ तुझ्या अंगठ्याखाली आपण होऊन नाडीसारखी उडेल, मी एक शब्दही बोलणार नाही. तेवढं कळल्यावर हात काढून घ्यायचा की दाबत राहायचं, ते तू ठरव. मी रोज तळेगावहून येणाऱ्या गाडीला फाटक लावतो आणि डब्यांच्या खिडक्यांकडे पाहतो.

वाट पाहणारा, तुझाच,
श्रीपती