नर्सबाईच्या लाल गोळ्या

सोमवार, ८ जानेवारी १९७३. सकाळी ९

आज पहाटे काकडआरती आटोपून घरी आलो, ओट्यावर नर्सबाईची पिशवी दिसली, ती उचलली आणि कुंपणाबाहेर बोरीच्या बुडाशी नेऊन ठेवली. शांतपणे ठेवली. आपटली नाही.

रतनबाई नर्स आत चुलीपाशी बसून आमच्या सुनेची, लंकाची, पापणी खाली ओढून बघत होती. बाहेर आल्यावर पिशवी शोधू लागली. मी माळ ओढत होतो, त्यामुळे उत्तर देता येत नव्हतं. शेवटी दिसली तिला. म्हणाली, "बापू, पिशवी हाय ती, शेळी न्हवं, बोरीखाली चारायला." मी डोळे मिटून घेतले. संयम मोठी गोष्ट आहे.

लंकाला पुन्हा दिवस गेले आहेत. दुसरा महिना. दोन वर्षांत दोनदा गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्यात सगळं संपलं. आमच्यात पाचवा लागेपर्यंत ही गोष्ट भिंतीलाही सांगत नाहीत, नजर लागते. तरी सरकारला कळलं. घरात फितुरी आहे. संशय मुक्ताबाईवर. ती माझी बायको असली तरी संशय तिच्यावरच.

हीच नर्स गेल्या वर्षी येऊन म्हणाली होती की पुढच्या खेपेला दिवस जायच्या आधीच नवराबायको दोघांचं रक्त तपासून घ्या. माझ्या गोरक्षचं रक्त! मी तिला सांगितलं होतं, आमच्या रक्तात काय आहे ते सात पिढ्यांना ठाऊक आहे.

ठरवलं: या घरात सरकारी औषध येणार नाही. रोज जप, रोज अंगारा. आणि राग करायचा नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी

राग केला. पण कारण होतं.

उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यात कागदी पुडी सापडली. लाल गोळ्या, तीसपैकी सत्तावीस शिल्लक. म्हणजे तीन पोटात गेल्यासुद्धा. मुक्ताबाई म्हणाली, "रगत वाढायच्या हायेत. पोरगी पांढरी फटक पडलीय, दिसंना का तुमाला?" मला सगळं दिसतं. नर्सच्या पिशवीवर लाल त्रिकोण आहे, तोही दिसतो. तो त्रिकोण कशाचा, हे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं आहे आणि मी सातवी पास आहे. पोरं बंद करण्याचा तो त्रिकोण. एका हाताने पापणी बघायची आणि दुसऱ्या हाताने वंश बुडवायचा, असा हा कारभार.

पुडी जप्त केली. जपाच्या पेटीत ठेवली आहे. तिथे बायका हात घालत नाहीत.

लंका काही बोलली नाही. सुनेने सासऱ्याशी बोलू नये ही आपली रीत, आणि ती रीतीची आहे. चार वर्षांत माझ्याशी एक शब्द नाही. अशी सून मिळायला पुण्य लागतं.

रविवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज सगळ्यांशी गोड बोलायचं असं पहाटेच ठरवलं. साडेआठपर्यंत नीट जमलं. साडेआठला रतनबाई तिळगूळ द्यायला आली. तिचा तिळगूळ बैलाला दिला असता, पण बैल दुष्काळी छावणीत आहेत. परसात कावळ्याला टाकला. त्यानेही जरा वेळ विचार केला.

दुपारी एक कल्पना सुचली. नुसतं नाही म्हटलं की हे लोक आपल्याला अडाणी ठरवतात. प्रूफ पाहिजे. मुक्ताबाईची तांबडी कोंबडी रोज अंडं देते. तिला रोज एक गोळी बाजरीच्या पिठात कुस्करून घालायची. अंडी बंद पडली की गावासमोर मांडायचं. मी माळकरी माणूस, अंड्याला हात लावत नाही, पण मोजायला हरकत नसावी. पोथीत कुठे मनाई आढळली नाही.

पहिली गोळी दिली. कोंबडीने आनंदाने खाल्ली. बिचारी.

गुरुवार, १८ जानेवारी

चार दिवस, पाच गोळ्या (एकदा दोन दिल्या), चार अंडी. कोंबडी गावठी आहे, औषध विलायती. गुण यायला वेळ लागणार. धीर धरायचा.

काकडआरतीच्या सोबत्याला, आसारामला, देवळात सहज विचारलं की सरकार बायकांना कसल्या गोळ्या वाटतं. तो म्हणाला, त्याच्या सुनेनेही खाल्ल्या, पोरगा झाला पावणेतीन किलोचा. आसाराम पंच झाल्यापासून सरकारच्या बाजूने बोलतो. त्याच्याशी आता देवापुरतंच बोलायचं.

सोमवार, २२ जानेवारी. संध्याकाळी

लंकाला विहिरीवरून येताना भोवळ आली. हंडा फुटला नाही. तांब्याचा आहे.

गोरक्ष कारखान्यावरून एका दिवसाच्या रजेवर आलेला होता. तो म्हणाला, "दादा, हिला शेवगावला डॉक्टरीणबाईला दाखवतो." मी त्याला शांतपणे समजावलं की तुझ्या आजीने नऊ बाळंतपणं शेताच्या बांधावर केली, डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. मुक्ताबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यातली जगली किती?"

तीन. पण मुद्दा तो नव्हता.

गोरक्ष न जेवता गेला. कारखान्याचं पाणी लागलं की मुलं अशी होतात. मी लंकाच्या उशाला अंगारा ठेवायला सांगितला. ठेवला की नाही ते विचारलं नाही, विश्वास ठेवला.

गुरुवार, २५ जानेवारी

विजय! काल अंडं नाही. आजही नाही. कोंबडी खुराड्याच्या कोपऱ्यात फुगून बसली आहे, जवळ गेलं की चोच मारते, अन्नावर वासना नाही. अकरा गोळ्यांत एक जीव असा बसतो, तर तीस गोळ्यांत आमच्या घराण्याचं काय झालं असतं! मन भरून आलं. देवाने वेळेवर बुद्धी दिली.

उद्या झेंडावंदन आहे. सगळं गाव शाळेत असतं. तिथेच मांडणार. भाषण थोडक्यात, पण मुद्देसूद. कोंबडी वेताच्या पाटीखाली झाकून नेईन.

शुक्रवार, २६ जानेवारी

लिहायची इच्छा नाही. पण नियम म्हणजे नियम.

झेंडा वर गेला, हेडमास्तर बोलले, मग मी उभा राहिलो. लाल त्रिकोण, गोळ्या, अंडी, सगळं तारखांसह सांगितलं आणि पाटी उचलली. कोंबडी "कुर्र कुर्र" करत पंख पसरून तिथेच बसली. सगळे माना पुढे काढून बघू लागले. मला वाटलं, पटलं.

मग आसारामची बायको रंगुबाई बायकांतून ओरडली, "आरं देवा! बापू, खुडूक बसलीय ती! अंड्यावर बसवा, एकवीस दिसांत पिल्लं निघत्याल!"

मग जे हसू फुटलं ते मुलांना रांगेत ठेवणाऱ्या मास्तरांनाही आवरलं नाही. कुणीतरी म्हणालं, "सरकारचा गुण म्हणायचा!" खुडूक ही बायकांची बाब आहे, पुरुषाला माहीत असायचं कारण नाही. मी तसं सांगू लागलो, पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

एकटी रतनबाई हसली नाही. जवळ येऊन म्हणाली, "बापू, त्या गोळ्या लोखंडाच्या हुत्या. रगताच्या. त्रिकोण पिशवीवर हाय, गोळीवर न्हाई. म्हंजी चौदा दिवस पोरीनं एकबी खाल्ली न्हाई?"

मुक्ताबाई तिच्या मागेच उभी होती. पुडी पेटीत तशीच पडून आहे असं तिला आतापर्यंत वाटत होतं. मुक्ताबाई कोंबडी काखेत मारून घरी निघून गेली. मी रिकामी पाटी घेऊन मागून गेलो. चहा मिळाला नाही. मागितलाही नाही.

शनिवार, २७ जानेवारी. रात्रीचं जेवण झाल्यावर

सकाळी माळ घेऊन ओट्यावर बसलो होतो. लंका दारात आली. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती. मला वाटलं मुक्ताबाईला शोधते आहे. ती म्हणाली, "मामा."

चार वर्षांत पहिला शब्द.

"मामा, लुगड्याला डाग लागलाय. मागच्या दोन्ही खेपंला असाच लागला हुता. तवा तुमी पोथी वाचत हुता आन् मी बाजंवर हुते. ह्या खेपंला पोथी र्‍हाऊ द्या. एस.टी.ला चला."

सुनेशी बोलायची सवय नाही. टोपी घातली.

नऊच्या गाडीने तिघं शेवगावला निघालो. लंका मागच्या बाकावर मुक्ताबाईच्या मांडीवर डोकं ठेवून. खड्डा आला की मुक्ताबाई माझ्याकडे बघत होती, जणू खड्डे मी खणले. गाडीत मी मनाशी ठरवलं की डॉक्टरीणबाईने गोळ्यांचं विचारलं तर सांगायचं, नर्सने दिल्याच नाहीत. एका खोट्याने घराची अब्रू राहत असेल तर देव समजून घेतो.

दवाखान्यात सगळ्या बायकाच. बाकावर जागा नव्हती, भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून हाक आली की घरचं जबाबदार कोण आहे. गेलो. पडदा अर्धाच होता. डॉक्टरीणबाई तरुण, चष्मा, आवाज मास्तरांसारखा. कितवा महिना विचारला. बाहेर चाळीस बायका ऐकत होत्या. सांगितलं. आधी किती गेले? सांगितलं. रक्त अंगात निम्मंच आहे, गोळ्या मिळाल्या होत्या ना, किती खाल्ल्या?

मी तोंड उघडलं. टेबलावर निजलेली लंका माझ्याकडे बघत होती.

म्हणालो, "तिनं तीन. कोंबडीनं अकरा."

बाईंनी चष्मा काढला. "कोंबडीला कितवा महिना?"

पडद्यापलीकडे बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, पोर अजून पोटात आहे. राहील की नाही, मी सांगू शकत नाही. तीन आठवडे हिने अंथरुणातून उठायचं नाही, वजन उचलायचं नाही. गोळ्या रोज, इंजेक्शन नर्स घरी येऊन देईल. घरी पाणी कोण भरतं?"

मी म्हणालो, "मी भरीन."

मुक्ताबाईला ठसका लागला.

रविवार, २८ जानेवारी

उद्यापासून पाणी मी आणणार. आज आणलं असतं, पण एस.टी.ने कंबर धरली आहे. एक दिवस मुक्ताबाईने आणलं. विहिरीत टँकर ओततात, रांग पहाटेच लागते. गावातला एकही बाप्या त्या रांगेत नसतो, म्हणून काही अडत नाही. मी पहिला असेन.

सोमवार, २९ जानेवारी

एकादशी. उपाशीपोटी हंडा उचलू नये. उद्या नक्की.

मंगळवार, ३० जानेवारी

हंडा घेऊन निघालो होतो. विहिरीच्या अलीकडच्या लिंबापर्यंत गेलो. रंगुबाई दिसली. जप राहिल्याचं आठवलं, परत आलो. जप राहिला होता हे खरं आहे.

रतनबाई इंजेक्शन द्यायला आली. तिची पिशवी मी उचलून आत नेऊन ठेवली. तिने एकदा पिशवीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, डाग थांबलाय, पण अजून काही सांगवत नाही. जाताना मुक्ताबाईचा गुडघा बघितला. सुजला आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

पहाटे काकडआरतीला निघालो तर रांजणापाशी लंका उभी. हातात कळशी. म्हणाली, आत्यांचा गुडघा चालंना, एक खेप टाकून येते, हळूच जाईन.

मी कळशी तिच्या हातातून ओढली. जोरात ओढली असावी, ती दचकली. म्हणालो, "नीज." तिच्याशी मी बोललेला हा पहिला शब्द. आणखी चांगला सुचायला हवा होता.

काकडआरती चुकली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. कळशी घेऊन ओट्यावर बसून राहिलो. उजाडलं तरी विहिरीकडे पाय निघाला नाही. शेजारणीने दोन हंडे आणून ओतले आणि माझ्याकडे न बघता गेली.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

पहाटे पाचला देवळाकडे न वळता सरळ विहिरीवर गेलो. रांगेत सतरावा. पुढे सोळा बायका, मागे मोजल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, "बापू, वाट चुकला काय? देऊळ तिकडं र्‍हायलं." मी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि पुढे सरकलो.

हंडा भरला. खांद्यावर घेतला तर निम्मा अंगावर. रंगुबाई म्हणाली, "डोक्यावर घ्या, अवो. चुंबळ कुठाय?" चुंबळ आणली नव्हती. तिने आपली काढून दिली. म्हणाली, "टोपी काढा आधी. टोपीवर चुंबळ बसत न्हाई."

चव्हाट्यावर बोडक्या डोक्याने मी बापाच्या दहाव्याला उभा होतो, त्यानंतर आज. टोपी खिशात घातली. बायकांनी नजरा वळवल्या. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आलो. मुक्ताबाईने रांजणात डोकावून बघितलं. "येवढ्यात तर तोंड धुनं व्हईल. अजून चार खेपा लागत्यात."

चार खेपा केल्या. पाचवीला मान वळेना. रांजण भरला. आत लंका निजलेली होती, हंड्याचा आवाज झाला तरी उठली नाही.