फोम नक्की कुठे भरला आहे

प्रति,
मा. शाखाप्रमुख,
मोटार वाहन तपासणी शाखा,
कामिनुमा, गुन्मा प्रांत.

विषय : मुलाच्या मोटारीच्या पोकळ सांगाड्यात बाहेरच्या दुकानातून फोम भरून घेतल्याने ती असुरक्षित झाली आहे, असे एका ओळीत लिहून मिळणेबाबत, ते जमत नसल्यास परिच्छेद ६ बाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

मी, निरासावा तोकुजी, राहणार मौजे कामिसावा, गावच्या स्वयंसेवक अग्निशमन पथकाचा प्रमुख, आपला वेळ चौथ्यांदा घेत आहे. याची मला लाज वाटते. तरी घेतो.

१. माझा मुलगा हारुओमी याने आपल्या जुन्या दोन दारी मोटारीत, दाराखालची पट्टी व छत पेलणारे खांब आतून जिथे पोकळ असतात तिथे, भोके पाडून फोम ओतून घेतला आहे. हा फोम ओतताना पातळ असतो, मग फुगतो आणि लाकडासारखा घट्ट बसतो. त्यामुळे गाडीचे अंग कडक होते व घाटातल्या वळणावर ती पिळवटत नाही, असे या छंदातील मंडळींचे म्हणणे आहे. हारुओमी दर रविवारी घाटात जातो. "बाबा, गाडी आता जराही वाकत नाही," असे तो आनंदाने सांगतो. मी म्हणतो, "अरे, धडकल्यावर काहीतरी वाकायला नको का? गाडी नाही वाकली तर आत तूच उरतोस." तो म्हणतो, "धडकलो तर ना." हे संभाषण आमच्याकडे जेवताना नियमितपणे होते व सौ. साएको भाताचा वाडगा मध्ये सरकवून ते संपवतात.

२. "सरकारनं लिहून दिलं तर गाडी भंगारात काढतो. तुम्ही म्हणता म्हणून नाही," असे हारुओमी आईच्या समक्ष म्हणाला. तो शब्दाचा पक्का आहे, म्हणून मी आपल्या दारी आलो. आपल्या कार्यालयातील मिझोगुची-सान यांनी सर्व ऐकून घेतले. गाडीची लांबी, रुंदी, उंची, दिवे, ब्रेक व धूर नियमात आहे, असे त्यांनी दाखवले. "फोम बाहेरून दिसत नाही हो, निरासावा-सान. जे दिसत नाही ते आम्ही नापास कसं करणार?" मी म्हटले, मग सुरक्षित आहे असे तरी लिहून द्या. त्या म्हणाल्या, "जे दिसत नाही ते सुरक्षित आहे असं तरी कसं लिहिणार?" दोन्ही मुद्दे मला पटले. त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या व मी कोपऱ्यावर वळेपर्यंत कमरेत वाकून उभ्या होत्या. इतक्या आदराने मला आजवर कोणी नकार दिलेला नाही.

३. त्यानंतर मी फोम भरणारे दुकानदार हिनात्सु-सान यांना भेटलो. ते सज्जन आहेत. ते म्हणाले, "काका, घरांच्या भिंतीत असाच फोम असतो. माणसं सुखानं झोपतात त्यात." मी विचारले, ती घरे घाटातून किती वेगाने जातात? यावर त्यांनी बराच विचार केला व प्रश्न चांगला असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी ते कोट घालून, लाल घेवड्याच्या मिठाईची पेटी घेऊन आमच्या घरी आले व माझ्या मनाला काळजी लागली याबद्दल त्यांनी चटईला कपाळ टेकून माफी मागितली. माफी काळजीबद्दल होती, फोमबद्दल नव्हती. मिठाई उत्तम होती.

४. पथकाच्या शरद ऋतूतील कवायतीसाठी हिनात्सु-सान यांनी फोम भरलेली एक निकामी मोटार विनामूल्य दिली. त्यांचा हेतू माझी काळजी घालवण्याचा होता. अपघातग्रस्त म्हणून आम्ही आत कापडी बाहुला पट्ट्याने बांधला. बाहुल्याला कपडे नव्हते, म्हणून सौ. साएको यांनी हारुओमीचा शाळेतला खेळाचा सदरा दिला. आमच्या नियमावलीत असे आहे की, अडकलेल्या माणसाला काढताना खांब वाजवून पाहावा व पोकळ आवाज आल्याची खात्री झाल्यावरच कापावा. पथकातील सर्वांनी हातोडीने सबंध मोटार वाजवली. पोकळ आवाज कुठेच आला नाही. आवाज न आल्यास काय करावे हे नियमावलीत नाही. तेव्हा सर्वजण रांगेत सावधान उभे राहिले व माझ्याकडे पाहू लागले. मी नियमावलीकडे पाहू लागलो. बाहुला आतच होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा महिला मंडळाने भाताचे गोळे आणले व आम्ही ते रांग न मोडता खाल्ले.

अखेर मी नियम मोडून कापण्याचा हुकूम दिला. आमचे यंत्र चकतीचे आहे. त्याच्या ठिणग्या उडतात. ज्वाळा दिसली नाही. फोम खांबाच्या आतल्या आत धुमसत गेला व काळा धूर भलतीकडेच, बाहुल्याच्या तोंडासमोर निघाला. पाणी मारले, पण आत शिरायला त्याला जागाच नव्हती. बाहुला काढला तेव्हा उपप्रमुख उशिओदा-सान म्हणाले, "बाहुला होता म्हणून बरं." एरवी अशा वाक्यावर आमच्यात हशा होतो. सदऱ्याच्या छातीवर 'निरासावा' असे शिवलेले होते. सर्व सदस्य सुखरूप परतल्याने कवायत यशस्वी झाली, अशी नोंद झाली आहे.

हारुओमी दोरीपलीकडे उभा राहून हे पाहत होता. घरी येताना तो म्हणाला, "बाबा, तुमचं यंत्र जुनं झालंय. नवं घ्या, मी वर्गणी देतो." सौ. साएको यांनी तो सदरा अनेकदा धुतला. वास गेला नाही, पण त्या तो टाकूनही देत नाहीत.

५. फोम काढून टाकता येईल काय, अशीही मी चौकशी केली. तो विरघळत नाही, उकरून निघत नाही. भरलेला पत्राच कापावा लागतो. तो पत्रा कापला की मोटार उरत नाही. वेल्डिंगवाले जवळ यायला तयार नाहीत. म्हणजे हारुओमीने ऐकले तरी उपयोग एकच, गाडी सोडणे. आणि त्यासाठी जी ओळ हवी ती आपल्याला लिहिता येत नाही. सबब माझी मूळ मागणी मी मागे घेत आहे. कृपया ती फाईल बंद करावी. मिझोगुची-सान यांना पुन्हा वाकायला लागू नये.

६. आता घाट बर्फामुळे बंद आहे. तो एप्रिलमध्ये उघडेल. हारुओमीची मोटार त्याआधी, मार्चमध्ये, आपल्याकडे तपासणीस येईल व नेहमीप्रमाणे पास होईल. घाटात काही घडल्यास ठिणगी न उडवणारे मोठे यंत्र शहरातून यायला वेळ लागतो. पहिले आम्ही पोहोचतो, म्हणजे मी पोहोचतो. मला एवढेच कळायला हवे की फोम कुठे आहे आणि कुठे नाही. हिनात्सु-सान म्हणतात, गिऱ्हाइकाची माहिती त्यांना देता येत नाही. हारुओमीला विचारले तर म्हणाला, "कापायची जागा काय विचारता बाबा? अपशकुन असतो तो." सौ. साएको यांचेही मत तेच पडले.

परंतु गणवेशातल्या माणसाशी हारुओमी खोटे बोलत नाही. पोलिसाने अडवले तर वेग स्वतःहून, तोही खरा सांगतो. तरी मोटार आपल्या जॅकवर उचललेली असताना आपल्या तपासनिसांनी सहज विचारल्यासारखे त्याला विचारावे व सोबतच्या चित्रात फोमची जागा काळी करावी. माझे नाव काढू नये. जो खांब पोकळ असेल तो पांढरा सोडावा.

एक पांढरा राहिला तरी पुष्कळ आहे.

मार्चची वाट पाहणारा,

निरासावा तोकुजी
(हारुओमीचे वडील)
कामिसावा, दि. २ डिसेंबर, रेइवा ६ (सन २०२४)

सोबत : मोटारीचे दोन्ही बाजूंचे चित्र, हाताने काढलेले. चालकाची बाजू मुद्दाम मोठी काढली आहे. प्रमाण चुकले असल्यास क्षमा असावी.