बाबांच्या बंदुकीची नळी

प्रिय फेक्लाताई,

तुझं सामान घेऊन झाखर बोटीवरून उतरला तेव्हा धो धो पाऊस होता, पण बंदूक कोरडी होती. बाबांच्या जुन्या रेनकोटात गुंडाळून वरून जाळ्याच्या दोरीने आवळायचं तुलाच सुचू शकतं. तू भाजून पाठवलेला, माशाचं सारण भरलेला पिरोक मात्र अर्धाच पोचला. "ताईला सांगितलंस तर पुढच्या वेळी रिकामा डबा आणीन," अशी झाखरची धमकी आहे, तेव्हा तुला ठाऊक नाही असं समज.

तुझी चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा वाचली. मासे धुरवायच्या खोपीपाशी अस्वल आलं, तू बंदूक घेऊन धावलीस, पडलीस, नळीत चिखल गेला, तू तशीच गोळी झाडलीस आणि नळीचं टोक फाटलं. "फाटलेलं कापून टाक आणि बंदूक आखूड करून दे, नाहीतरी लांब नळी दारात अडकते," असं तू लिहिलंस. त्यालाही आता बरेच दिवस झाले. तू वाट बघत असशील. बाबा म्हणत असतील, "निकीचं मोजून होईस्तोवर सामन मासे समुद्रात जाऊन परत येतात."

काम अवघड नाही. आमच्या बंदुकांच्या दुकानाचा मालक ऑर्व्हिल म्हणतो, कापायची, तोंड सरळ करायचं, नेम धरायचा नवा मणी बसवायचा, झालं. मी चांगली दीड इंच जास्त ठेवून खूण केली, कारण नळी अठरा इंचांखाली गेली तर ते थेट तुरुंगाचं काम. पुसली, परत केली. ऑर्व्हिल ओरडला, "अरे, तिला लग्नाचा सूट शिवतोयस का?" मग त्याने भिंतीवरची कारखान्यातून आलेली आखूड बंदूक काढून माझ्या हातात दिली. ताई, ती हाताला छान बसते. खाऱ्या हवेत लवकर गंजत नाही, दारात अडकत नाही. आणि बाबांची कापली, तर टोकाची अरुंद जागा जाते, छर्रे लगेच फाकतात. अस्वलासाठी एकाच जाड गोळीचं काडतूस चालेल, पण त्या बंदुकीने पुन्हा बदक पडणार नाही. तोडलेली नळी परत जोडता येत नाही. करवत लावायच्या आधी मी थांबलो तो यामुळेच, असं मला आधी वाटलं.

आठवतं का, लहानपणी मी एकदा ती दाराआडच्या खिळ्यावरून काढली होती, तेव्हा बाबांनी माझ्या हातावर फटका मारला होता. "आधी तिचं तोंड बघ, मग उचल!" होडीत असताना लाटांचं पाणी आत जाऊ नये म्हणून ते नळीच्या तोंडात मोजा कोंबायचे. शेजारचे लोक चिकटपट्टी लावतात, तिच्यातून सरळ गोळी झाडता येते. पण बाबांना ते पटायचं नाही. किनाऱ्याला लागलं की पहिलं काम म्हणजे मोजा ओढून खिशात. आई हसायची, "माझे मोजे तुमच्या पायांपेक्षा बंदुकीनेच जास्त घातले."

चीर आत कुठवर गेली आहे हे कळल्याशिवाय मी कापणार नव्हतो. केसाएवढी जरी मागे राहिली, तरी पुढच्या वेळी ती तुझ्या तोंडापाशी फुटेल. म्हणून भिंग घेऊन बसलो. चिखल कुठेच नव्हता, वाळूचा कणसुद्धा नाही. चिरेत अडकलेलं काहीतरी होतं, ते चिमट्याने ओढून काढलं. करपलेली राखाडी लोकर, आणि तिच्यात लाल धागा. पंज्याला लाल धागा आईने विणलेल्या मोज्यांनाच असायचा.

मी ते कागदावर ठेवलं. मग मला परवाचा फोन आठवला. बाबा मला मॅक्सिम म्हणाले. मॅक्सिमकाकाला जाऊन किती वर्षं झाली! मला वाटलं, चुकून तोंडात आलं असेल. नंतर मधेच म्हणाले, "ती किटली कुणीतरी उतरवा रे, मघापासून शिट्टी मारतेय." मागून तुझा आवाज आला, "बाबा, चुलीवर काही नाहीये." तेव्हा मी हसलो होतो. कानाजवळ नळी फुटली की कानात अशीच शिट्टी वाजत राहते, हे मला इथे रोज बंदुका हाताळून माहीत असायला हवं होतं.

ताई, तू पडली नाहीस. गोळी तू झाडली नाहीस. ती बाबांनी झाडली, मोजा काढायचं विसरून. कळलं तर निकी त्यांना शहरात, एखाद्या वृद्धांच्या घरात आणून टाकेल, असं तुला वाटलं का? मी तसं करणार नाही. त्यांचा वाफेच्या आंघोळीचा बान्या, त्यांची जाळी, त्यांचा किनारा सोडला तर त्यांना आपण कोण हेही आठवायचं नाही. पण हे सगळं तू एकटीने चिखलाच्या नावावर खपवू नकोस. त्या क्षणी तू त्यांच्या बाजूला उभी असशील, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी पहिला कागद फाडला. हा दुसरा आहे.

हे पत्र एवढ्याचसाठी. झाखरबरोबर ती कारखान्याची आखूड बंदूक पाठवतोय, घोड्याला कुलूप लावून. किल्ली या पाकिटात आहे. ती गळ्यात घाल आणि बंदूक तुझ्या खोलीत ठेव, दाराआडच्या खिळ्यावर नको. त्यांची बंदूक मी कितीही आखूड केली तरी ती त्यांचीच राहील. अंधारातही त्यांचा हात बरोबर तिच्यावर जाईल, आणि तिचं तोंड बघायचं राहून जाईल. म्हणून ती इथेच राहील, न कापता. शरद संपला की मी घरी येतोय, मालकाला सांगून टाकलंय. तोवर बाबांनी विचारलं, तर म्हण, निकी अजून मोजतोय. ते हसतील, आणि तुझ्यावर विश्वास ठेवतील.

तुझाच, लवकरच दार ठोठावणारा,
निकिफोर